नळीत शिसं का बसतं

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत परवान्याची बंदूक म्हटली की आठवते ती शेताच्या राखणीची. वर काजूचा डोंगर, पायथ्याला कुळागर, खाली वायंगणाची शेती, आणि रात्री यातलं काहीही नासवून जाणारी रानडुकरं. अशा ठिकाणी माचावर बसलेल्या माणसाच्या हाती ठासणीची बंदूक असते, फार तर एकनळी काडतुसी. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये शेतीसंरक्षणासाठी मुळात ठासणीचीच बंदूक धरली आहे. ती पुरी पडणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभा आहे. रिव्हॉल्व्हर या चित्रात नाही. ते असतं एखाद्या व्यापाऱ्याकडे, निवृत्त फौजी अधिकाऱ्याकडे, नाहीतर नेमबाजीचा नाद असलेल्या तरुणाकडे. म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या नळीत शिसं का बसतं हा इथे मूठभरांचा प्रश्न. पण या मूठभरांत गैरसमज मात्र भरपूर आहेत. शिवाय त्यातला बराचसा भाग ठासणीच्या बंदुकीलाही लागू पडतो.

सर्वांत पसरलेला गैरसमज असा: शिसं मऊ म्हणून नळीला लागतं, तेव्हा गोळी जितकी कडक तितकी नळी स्वच्छ. ऐकायला हे पटतं. पण ओतीव गोळ्यांवर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे काम झालं, त्यातून निघालेला क्रम वेगळा आहे. आधी गोळीचं माप, मग वंगण, आणि कडकपणा तिसरा. गोव्यापुरतं या तिघांच्याही आधी गंजाला बसवावं लागतं. ते का, हे पुढे येईलच.

आधी नळीत काय घडतं ते पाहू. शिसं सुमारे 327 अंश सेल्सियसला वितळतं. काडतुसातल्या दारूचा जळता वायू त्याच्या कितीतरी पट तापलेला असतो. गोळीचं बूड या वायूला तोंड देतं, पण फार तर एक-दोन सहस्रांश सेकंद. तेवढ्यात सबंध गोळी वितळत नाही. घात होतो तो कडेने. गोळी नळीत घट्ट बसली नाही, तर तिच्या अंगाला लागून बारीक फट राहते आणि प्रचंड दाबाखालचा वायू त्या फटीतून पुढे धावतो. जाता जाता तो गोळीची कड कापतो, शिशाचे कण उचलतो आणि पुढच्या थंड पोलादावर फासतो. दुसरी गोळी त्याच थरावरून घासत जाते आणि तो थर पक्का करते. पाच-पन्नास फैरींनंतर नळीत डोकावलं तर आट्यांच्या, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचांच्या, कडांना करड्या, चमकत्या रेघा दिसतात. नेम सुटायला लागतो, आणि थर फारच वाढला तर नळीतला दाबही वाढतो.

शिसं नळीच्या कोणत्या भागात बसलंय, यावरून कारण बरंचसं ओळखता येतं. रिव्हॉल्व्हरवाल्याने एवढी एक गोष्ट शिकून घेतली तर निम्मं काम झालं. थर नळीच्या सुरुवातीला, सिलिंडरकडच्या पहिल्या इंचात असेल, तर गोळी मापाने लहान आहे किंवा नळीच्या मुखाशी, म्हणजे गोळी आत शिरते तिथे, काही दोष आहे. सुरुवात स्वच्छ आणि थर टोकाकडे वाढत गेलेला असेल, तर वंगण अर्ध्या वाटेत संपलं. एकाच बाजूला शिसं चढलं असेल, तर सिलिंडरचं भोक आणि नळी एका रेषेत येत नाहीत. गोळीची एक कड मुखाशी सोलली जाते, आणि कधी कधी शिशाचा कीस बाजूला उभ्या असलेल्याच्या गालाला लागतो. सिलिंडरच्या भोकात आतल्या बाजूला कडं धरलं असेल, तर लांब काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आखूड काडतुसं वापरली गेली आहेत. .32 च्या लांब आणि आखूड जातींत हा घोटाळा नेहमीचा. त्या कड्यामुळे पुढे लांब काडतूस पुरतं आत जात नाही, आणि मालक काडतुसांनाच नावं ठेवतो.

रायफलीपेक्षा रिव्हॉल्व्हरमध्ये हा प्रश्न का चिघळतो, याचं उत्तर त्याच्या बांधणीत आहे. रायफलीत काडतूस आणि नळी एकाच पोलादात असतात. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी सिलिंडरच्या एका भोकातून निघते, पुढच्या निमुळत्या गळ्यातून जाते, मग मोकळी फट ओलांडते आणि तेव्हा कुठे नळीत शिरते. फट लहान, इंचाच्या हजाराव्या भागात मोजली तर साधारण 4 ते 8. पण गोळीला तेवढं अंतर बिनआधाराने जावं लागतं. त्यात भोकं पाच किंवा सहा, आणि प्रत्येकाच्या गळ्याचं माप अगदी एकच असेल याची हमी नाही. गळा आट्यांच्या खोल मापापेक्षा अरुंद असेल, तर योग्य मापाची गोळीसुद्धा तिथे दाबली जाऊन बारीक होते आणि नळीत पोचते ती सैल होऊनच. मग वर सांगितलेला वायूचा खेळ सुरू. .32 स्मिथ अँड वेसन लाँग या काडतुसाच्या नळीचं आट्यांतलं माप साधारण 0.312 इंच. चांगली ओतीव गोळी याहून इंचाच्या एखाद्या हजाराव्या भागाने मोठी असावी आणि गळ्यातून बोटाच्या हलक्या दाबाने सरकावी. एवढं जमलं की बाकीच्या बऱ्याच तक्रारी आपोआप मिटतात.

आणखी एक दोष वरून दिसत नाही. बऱ्याच रिव्हॉल्व्हरांची नळी सांगाड्यात पेचाने आवळून बसवलेली असते. जास्त आवळली तर ज्या जागी पेच आहेत तिथे नळी आतून किंचित चेपते. गोळी त्या अडचणीतून निघताना बारीक होते आणि पुढे मोकळ्या नळीत सैल पडते. अमेरिकी कारागिरांनी यावर मुखाकडून तेवढा भाग खरवडून मोठा करण्याची युक्ती काढली, नळीच्या मुखाचा कोन सुमारे 11 अंशांवर आणण्याचीही. दोन्ही उपाय लागू पडतात. मात्र आपल्याकडे ते घरच्या लेथवर करायचे नाहीत. शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो.

आता कडकपणाचा मुद्दा. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा जेमतेम 5. त्यात कथील आणि अँटिमनी मिसळली की तो वाढतो. ओतकामाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या एका प्रमाणित मिश्रणात 90 भाग शिसं, 5 कथील, 5 अँटिमनी असते, आणि त्याचा कडकपणा 15 च्या आसपास जातो. लायनोटाइप यंत्राच्या धातूत अँटिमनी 12 टक्क्यांच्या घरात, कथील 4 च्या, आणि कडकपणा 22 पर्यंत. भारतातला पहिला छापखाना 1556 साली गोव्यात सुरू झाला. छापखान्यातले खिळे याच घराण्यातल्या धातूचे. कागदावर हजारो वेळा दाबला तरी खिळ्याचा कोपरा झिजू नये म्हणून त्यात अँटिमनी घालायची. छापखान्याचा मोडीत निघालेला धातू गोळ्यांसाठी पळवायची चाल पाश्चात्त्य देशांत पुष्कळ काळ चालली, आणि कडक गोळीचा लौकिक वाढला तो बहुतांशी तिच्यामुळे.

पण मऊपणाचा एक गुण या लौकिकात विसरला गेला. दारूचा दाब बुडावर आला की मऊ गोळी किंचित फुगते आणि आपणच फट बुजवते. कडक गोळी फुगत नाही. ती मापाने जरा कमी पडली की फट तशीच राहते. ढोबळ हिशोब असा सांगतात की ब्रिनेल आकड्याला 1,422 ने गुणावं. जो आकडा येईल तेवढे पौंड दर चौरस इंचाला दाब आला की त्या कडकपणाची गोळी फुगू लागते. .32 लाँगचा कमाल दाब 15,000 पौंड. म्हणजे या काडतुसाला 10-11 च्या वरचा कडकपणा उपयोगाचा नाही, उलट अडचणीचाच. हा हिशोब दगडावरची रेघ मानू नये. गोळीचा आकार आणि दारूची जात बदलली की तो मागेपुढे होतो. तरीही त्याची दिशा खरी आहे. दुसऱ्या टोकाचं उदाहरण 1935 सालचं. स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .357 मॅग्नम बाजारात आणलं तेव्हा कारखान्याच्या काडतुसांत मऊ शिशाच्या गोळ्या होत्या, आणि नळ्या शिशाने भरल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. तिथे दाब आणि वेग इतका की मऊ गोळीला झेपेना. तात्पर्य, कडकपणा काडतुसाच्या दाबाशी जुळवायचा असतो. भारतात नागरिकाला मिळणारं नेहमीचं रिव्हॉल्व्हर .32 चं, सौम्य दाबाचं. त्यासाठी मॅग्नमवाल्यांचा सल्ला घ्यायचं कारण नाही.

वंगणाची कथा आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, फक्त या अंगाने कुणी सांगत नाही. 1857 च्या जानेवारीत डमडमपासून ज्या काडतुसांची कुजबुज सुरू झाली आणि 29 मार्चला बराकपूरला मंगल पांड्यांनी ज्या प्रकरणात शस्त्र उचललं, त्या एन्फिल्ड काडतुसांवरची चरबी कशासाठी होती? गोळी नळीत सहज उतरावी आणि दारूची मळी मऊ राहावी, यासाठी. गोळी पोकळ बुडाची, शुद्ध शिशाची. दाबाने तिचं बूड फुलावं आणि आट्यांत बसावं, हा तिच्यामागचा विचार. मापाचं आणि वंगणाचं असं दोन्ही शास्त्र त्या एका काडतुसात होतं. असंतोष दिसल्यावर सरकारने सांगितलं की शिपायांनी मेण आणि तेलाचं आपलं वंगण वापरावं. पण तोवर विश्वास उडाला होता. तांत्रिकदृष्ट्या ती सूचना अगदी योग्य होती. मधमाशीचं मेण आजही उत्तम गोळी-वंगणांचा पाया आहे.

काळ्या दारूच्या दिवसांत मेण आणि चरबी पुरायची. पोर्तुगीज लष्कराने 1878 साली अधिकाऱ्यांसाठी आणि 1886 साली शिपायांसाठी स्वीकारलेलं आबादी रिव्हॉल्व्हर अशाच शिशाच्या गोळ्यांचं. गोव्यातल्या राण्यांच्या 1895 च्या बंडाचा काळ हाच. काळ्या दारूचा वेग कमी आणि राख ओलसर, त्यामुळे शिसं बसलं तरी मळीबरोबर धुतलं जायचं. बिनधुराची दारू आल्यावर उष्णता आणि वेग दोन्ही वाढले आणि जुनी वंगणं उडून जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या रायफल संघटनेच्या ई. एच. हॅरिसन यांनी मधमाशीचं मेण आणि अॅलॉक्स हे गंजरोधक द्रव्य निम्मंनिम्म मिसळून जे वंगण लोकप्रिय केलं, ते अजून कसोटीचं मानतात. बुडाला तांब्याची छोटी वाटी चढवायची कल्पना त्याही आधीची. अलीकडे गोळीवर रंगाच्या भुकटीचा थर चढवून भट्टीत सुमारे 200 अंशांवर भाजतात. असा थर नीट बसला तर शिशाचा आणि नळीचा संबंधच येत नाही, धूर कमी होतो आणि हातालाही शिसं लागत नाही. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतली या विषयातली सर्वांत कामाची सुधारणा हीच. पण तीही लहान मापाच्या गोळीला वाचवत नाही. फट आहे तिथे वायू भुकटीचा थरही कापतो.

इथवर वाचून कुणाला घरी साचा आणि भट्टी मांडायची हुक्की आली असेल, तर ती आवरावी. अमेरिकेत हा शनिवार-रविवारचा छंद आहे, भारतात गुन्हा. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत दारूगोळ्यात त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते, आणि त्याचं उत्पादन परवान्याशिवाय करता येत नाही. इंग्रजांच्या 1878 च्या शस्त्र कायद्याने तर शिसं, गंधक आणि सोरासुद्धा नियंत्रणाखाली आणता येईल अशी तरतूद करून ठेवली होती. कायदा जाच वाटला तरी त्यामागे कारण आहे. दारूचं माप चुकलं की सिलिंडर फुटतं आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही लागतं.

म्हणजे पेडण्या-डिचोलीतल्या परवानाधारकाच्या हाती दोनच गोष्टी उरतात, काडतुसाची निवड आणि नळीची निगा. निवडीलाही फार वाव नाही. .455 किंवा 9 मिलिमीटरसारखी लष्करी मापं सामान्य नागरिकाला बंद, म्हणून सगळा व्यवहार .32 वर येऊन ठेपतो. कानपूरला बनलेलं .32 रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्ली घाटाचं, वरून मोडून उघडणारं. 2014 साली आलेलं ‘निर्भीक’ त्याचंच हलकं भावंड, टायटॅनियम मिश्रधातूचं. ऑगस्ट 2023 मध्ये ‘प्रबल’ आलं, बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं. देशी काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, 1869 साली उभ्या राहिलेल्या. 2021 साली आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या केल्या तेव्हा खडकी म्युनिशन्स इंडियाकडे गेली, आणि त्या कंपनीचं मुख्यालय पुण्यातच आहे. काडतुसं घेताना पेटीवरची माहिती वाचावी: गोळी नुसत्या शिशाची आहे की तांब्याचं आवरण असलेली. आवरणाची असेल तर हा लेख तुम्हाला निम्माच लागू. शिशाची असेल तर पहिल्या पाच-सहा फैरींनंतर नळीत प्रकाश टाकून पाहावं. नव्या लॉटमध्ये अचानक शिसं बसू लागलं, तर नळीला दोष देण्याआधी जुन्या लॉटची काडतुसं झाडून पडताळावं.

नेमबाजीच्या खेळात शिशाच्या गोळीवर आजही पूर्ण भरवसा आहे, ही गोष्ट कडक गोळीच्या भक्तांनी लक्षात घ्यावी. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण मिळवलं. तो प्रकार .22 चा, शिशाच्या, मेण लावलेल्या गोळीचा. जसपाल राणाने 2006 साली दोह्याला सेंटर फायर प्रकारात 590 गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी साधली. त्या प्रकारात जगभर .32 लाँगचं सपाट तोंडाचं शिशाचं काडतूस चालतं. वेग सौम्य, गोळी मऊ, आणि बऱ्याच काडतुसांत बूड पोकळ, म्हणजे फुलून नळी भरणारं. एन्फिल्डच्या गोळीतली कल्पना दीडशे वर्षांनीही जिवंत आहे.

आता गंज. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पेडण्याला शिवाय समुद्राचा खारा वारा. मोरजी, मांद्रे, हरमल पट्ट्यात खिडकीच्या बिजागऱ्याही दोन पावसाळ्यांत लाल होतात. डिचोलीकडे खारा वारा कमी, पण दमटपणा तोच. नळीच्या आत तेलाचा पातळ थर सुकला की पोलादाला बारीक खड्डे पडायला वेळ लागत नाही. खड्डे पडलेली नळी शिसं किसणीसारखं ओरबाडून घेते. मापाची, उत्तम वंगणाची गोळीही मग तिथे हरते. शिशाच्या थराखाली अडकलेली ओल आणखी गंज चढवते, तो आणखी शिसं धरतो, आणि हे चक्र मालकाला दिसत नाही कारण वरून नळी करडी, चकचकीतच भासते. म्हणून म्हटलं, आपल्याकडे पहिला शत्रू गंज. कोरड्या प्रदेशातल्या पुस्तकात हे प्रकरण सापडणार नाही. त्यांच्याकडे नळी आठवडाभर न पुसता ठेवली तरी फारसं बिघडत नाही.

चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्व्हर ठेवायची जुनी सवय इथे सर्वांत घातक. कमावलेल्या चामड्यात क्षार असतात आणि ते ओल धरतं. म्यान कमरेला लावायला, ठेवायला नव्हे. कपाटात ठेवताना तेल लावून, सुती कपड्यात सैल गुंडाळून, शेजारी ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती दर महिन्याला बदलावी किंवा तापवून सुकवावी. पावसाळ्यात दर पंधरवड्याला नळी पुसणं हा छळ वाटेल, पण नवी नळी बसवण्यापेक्षा तो स्वस्त.

साफसफाईचं तंत्र साधं आहे, फक्त घाई चालत नाही. आधी सिलिंडर उघडून प्रत्येक भोक रिकामं असल्याची खात्री करावी, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावीत. नळीत विरघळणारं द्रव लावून ते पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यावं. मग ब्राँझचा ब्रश, शक्य तिथे मागच्या बाजूने. तेवढ्याने शिसं हलत नसेल, तर तांब्याच्या काथ्यासारख्या घासणीचे थोडे धागे ब्रशला गुंडाळावेत. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे शिसं निघतं आणि नळीला चरे पडत नाहीत. स्वयंपाकघरातली पोलादी घासणी मात्र वापरू नये. नळीचं मुख आणि सिलिंडरची समोरची बाजू विसरली जाते, तीही घासावी. शेवटी कोरडं फडकं, मग तेलाचं.

दोन घरगुती उपाय ठामपणे टाळायचे. एक, शिसं घालवायला आवरणाच्या गोळ्या झाडणं. थर जाड असेल तर तो अरुंद झालेल्या नळीत दाब वाढवतो, आणि शिसं निघण्याऐवजी इस्त्री होऊन बसतं. दुसरा, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण. ते शिसं खरोखरच विरघळवतं, पण त्यातून शिशाचा असा क्षार बनतो जो पाण्यात सहज मिसळतो आणि कातडीतून, तोंडावाटे अंगात जातो. ते पाणी मोरीत ओतायचं, मोरीचं पाणी माडाच्या अळ्यात! नळीतल्या शिशापेक्षा हे शिसं कितीतरी वाईट.

शिशाचं विष हा या विषयाचा दुर्लक्षित भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शरीरातलं शिसं कोणत्याही प्रमाणात सुरक्षित म्हणता येत नाही, आणि मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही. नेमबाजाच्या अंगात शिसं जातं ते मुख्यतः हवेतून. बऱ्याच काडतुसांच्या टोपीतल्या स्फोटकातही शिशाचं संयुग असतं, आणि गोळीच्या बुडाची वाफ त्यात भर घालते. म्हणून बंदिस्त रेंजमध्ये हवा खेळती नसेल तर सराव करू नये. घरी नळी घासताना निघणारी करडी भुकटी फुंकून उडवायची नाही. ओल्या कागदाने टिपावी. हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. जेवणाच्या टेबलावर बंदूक साफ करणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना नळीची काळजी होती, स्वतःची नव्हती.

पाखरांचीही एक बाजू आहे. पाणथळीत पडलेले शिशाचे छर्रे बदकं खड्यांबरोबर गिळतात आणि मरतात. म्हणून अमेरिकेने 1991 साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले, आणि युरोपीय संघाने 15 फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागांत त्यांचा वापर थांबवला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद, म्हणून हा प्रश्न त्या प्रमाणात नाही. पण डिचोलीतल्या मयेच्या तळ्यावर हिवाळी पाखरं उतरतात, आणि माकडं हुसकावायला हवेत उडवलेले छर्रेही कुठेतरी पडतातच.

राखणीच्या बंदुकीपुरतं सांगायचं तर तिच्यात आटेच नाहीत, त्यामुळे शिसं धरायला कडा कमी. छर्रे कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या पेल्यातून गेले तर नळीला स्पर्शही कमी. ठासणीच्या बंदुकीत खरा त्रास काळ्या दारूच्या मळीचा. ती हवेतलं पाणी ओढते आणि एका रात्रीत नळी खाते. काळ्या दारूची मळी गरम साबणाच्या पाण्यानेच निघते, नुसत्या तेलाने नाही. हे जुन्या पिढीला माहीत होतं. अल्बुकर्कने 1513 साली पोर्तुगालच्या राजाला गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात असं कळवलं होतं. ज्या मुलखात पाच शतकांपूर्वी एवढ्या चांगल्या बंदुका घडत, तिथे आज बंदूक धुवायला कोणतं पाणी लागतं हे नव्या परवानाधारकाला सांगणारं कुणी नाही.

शेवटचा मुद्दा प्रशासनाचा आहे. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. 2024 च्या लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि गोव्यात मतदान 7 मे रोजी झालं. हे दिवस ऐन काजूच्या हंगामाचे. राखणीवाचून होणारं नुकसान हा वेगळा वाद आहे, आणि शेतकरी तो मांडतातच. इथे मुद्दा एवढाच की बंदूक परत मिळते तेव्हा पावसाळा तोंडावर असतो, आणि जमा करताना ती न पुसता दिली असेल तर तोवर आत गंज धरलेला असतो. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळी घासून, जाड तेल लावून द्या. पावतीवर शस्त्राची अवस्था लिहून घ्या. परत आणल्यावर पहिली फैर झाडण्याआधी नळी पुसून प्रकाश टाकून पाहा. ठाण्यांनीही जमा शस्त्रांची खोली कोरडी ठेवावी आणि मुदत लांबली तर मालकाला पोलिसांच्या देखत एकदा येऊन तेल लावू द्यावं. याला नवा कायदा लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या एका परिपत्रकाने काम होईल. ते पुढच्या निवडणुकीआधी निघावं.